विश्लेषण : मुलींची फी माफ, मग प्रवेशाच्या खिडकीवर पैसे कशाचे?

कागल : पंचतारांकित एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणाऱ्या बापाला पोरीच्या इंजिनिअरिंग प्रवेशासाठी कॉलेजात जायचं म्हटलं की एक खाडा धरूनच चालावं लागतं. कागल असो, हुपरी असो की कसबा सांगाव, गोष्ट तीच. कॉलेजची प्रशासकीय इमारत बाहेरून कितीही चकाचक असू दे, आपला संबंध येतो तो दोनच खिडक्यांशी. एक प्रवेशाची, दुसरी फी भरायची. भांडण होतं ते दुसऱ्या खिडकीवर.

गावात ऐकलेलं असतं, "सरकारनं पोरींची फी माफ केली." खिडकीवर मात्र आकडा सांगितला जातो. खरं काय?

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. त्याआधी निम्मंच मिळायचं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे.

आता मेख बघा. माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे. विकास शुल्क, वसतिगृह, मेस, बस यात येत नाही. त्यामुळं खिडकीवर मागितलेला प्रत्येक रुपया बेकायदा नसतो, आणि प्रत्येक रुपया कायदेशीरही नसतो.

दुसरी मेख मोठी आहे. माफी फक्त शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, मिळालेल्या जागेला. "फेऱ्यांची वाट कशाला बघता, आमच्याकडं थेट सीट पक्की करा," असं कुणी गोड बोलून सांगितलं आणि व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर प्रवेश घेतला, तर माफी गेलीच. पूर्ण फी बापाच्या बोडक्यावर. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेयर, जात वैधता यातला एक कागद राहिला तरी अडचण येते. आणि जून उजाडला की तहसीलला गर्दी ठरलेली.

कॉलेजांचंही दुखणं खोटं नाही. सरकारचे पैसे महाडीबीटीतून मागाहून येतात, तोवर पगार थांबत नाहीत. पण म्हणून "आधी भरा, सरकारचे आले की परत देऊ" हे पोरीच्या घरच्यांच्या गळ्यात मारणं बरोबर नाही. पात्र मुलींकडून फी घेणाऱ्या कॉलेजांवर कारवाईचा इशारा उच्च व तंत्रशिक्षण मंत्री चंद्रकांत पाटील यांनी दिला होता. ते आपल्याच जिल्ह्यातले.

तक्रार करायची तर कुठं? बीए, बीकॉमसाठी उच्च शिक्षण सहसंचालकांचं कार्यालय कोल्हापुरात आहे. इंजिनिअरिंगसाठी तंत्रशिक्षणचं विभागीय कार्यालय पुण्यात. म्हणजे आणखी एक खाडा. एवढी इंजिनिअरिंग कॉलेजं असलेल्या जिल्ह्याला हे कार्यालय इथं का नाही, हे लोकप्रतिनिधींना विचारायला हवं.

तोवर एवढं करा. पैसे देण्याआधी कशाचे किती, हे कागदावर लिहून मागा. खासगी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, तो आकडा मोबाईलवर बघून ताडून घ्या. आणि शिक्क्याची पावती हातात पडल्याशिवाय खिडकी सोडू नका.