वाळू बघायला इतक्या लांब?

लडाखची ट्रिप म्हटली की आपलं पॅकिंग ठरलेलं. गॉगल, पॉवर बँक आणि 'जॉब सोडून टाकू यार' म्हणणारा एक तरी मित्र. माझ्यासोबत मात्र अण्णा होते. वय ६२, मुक्काम पोस्ट सोनपेठ, जिल्हा परभणी. लगेज : कानटोपी आणि शेंगदाण्याची चटणी.

प्लॅन सिंपल होता. परभणीहून सचखंड एक्सप्रेसनं दिल्ली, तिथून विमानानं लेह. मग टॅक्सीनं खारदुंग ला ओलांडून नुब्रा खोऱ्यातलं हुंडर. सकाळी बर्फ, दुपारी वाळूच्या टेकड्या! "वाळू बघायला इतक्या लांब?" अण्णांनी विचारलं. आमच्या तालुक्याच्या कडेनं गोदावरी वाहते, त्यामुळे प्रश्न रास्त होता.

लेह साधारण ११,५०० फुटांवर. पहिले दोन दिवस आम्ही फक्त आराम केला आणि पाणी पीत राहिलो. विमानानं जाणार असाल तर हा नियम पाळाच. तिसऱ्या दिवशी निघालो. चाळीसेक किलोमीटर नुसता चढ. खारदुंग लाच्या बोर्डावर कित्येक वर्षं १८,३८० फूट लिहिलेलं असायचं. प्रत्यक्षात उंची भरते १७,५८२ फूट. पण तिथं श्वास घेताना हा फरक कोण मोजतंय? मी फोटोसाठी पोझ देत होते आणि अण्णा गाडीतच बसून राहिले. "डोकं जड झालंय गं." माझ्या पोटात गोळा. कशाला आणलं यांना इथं? ड्रायव्हरनं माझं फोटोसेशन तिथंच गुंडाळलं. खाली उतरणं हाच इलाज, म्हणाला. खारदुंग गाव मागं पडलं तेव्हा कुठं अण्णांनी चटणीची पुडी उघडली आणि माझा जीव भांड्यात पडला.

पुढं श्योक नदी भेटते. दिस्कितला टेकडीवर ३२ मीटर उंच मैत्रेय बुद्ध, आणि मग हुंडर. मागं बर्फाचे डोंगर, पायाखाली करडी वाळू. हिमालयाच्या रांगा पावसाचे ढग अडवतात, म्हणून हे थंड वाळवंट कोरडं. हिमनद्यांनी दळलेला खडक नदी वाहून आणते, वारा त्याच्या टेकड्या रचतो. दोन मदारींचे उंट म्हणजे लेह-यारकंद व्यापाराची आठवण. विसाव्या शतकाच्या मध्याला तो व्यापार थांबला, उंट राहिले.

मी उंटावरून उतरले तर अण्णा ओढ्याकाठी उकिडवे बसून हातानं वाळू उकरत होते. कोपरभर खाली ओल लागली. लहान मुलासारखे हसले. "झिरा लागतोय बघ!" त्यांच्या लहानपणी उन्हाळ्यात गोदावरीच्या पात्रात असेच झिरे खोदून प्यायचं पाणी भरायचे. पात्रात टरबुजाच्या वाड्या असायच्या. वाळू पाणी धरून ठेवायची, काठच्या विहिरींना ते पुरायचं. मी मात्र लहानपणापासून बघितले ते रात्री-अपरात्री धावणारे टिप्पर, आणि उन्हाळ्यात उघडं पडलेलं, खड्ड्या-खड्ड्यांचं पात्र.

अण्णा बराच वेळ त्या टेकड्यांकडे बघत होते. मला वाटलं, आता काहीतरी फिलॉसॉफिकल येणार.

"इथं टिप्पर येत नाहीत का गं?"

मी हसले आणि लगेच गप्प झाले. पुण्यात मी ज्या फ्लॅटमध्ये राहते, तो कुठल्या नदीच्या वाळूचा आहे हे मी कधी विचारलेलंच नाही.

निघताना पाण्याची रिकामी बाटली वाळूनं भरायला घेतली. डेस्कवर ठेवायला, आठवण म्हणून. अण्णांनी बाटली हातातून घेतली आणि तिथंच उपडी केली.

"राहू दे. नदीची हाय ती."