चांदीपुरा : सकाळपर्यंत थांबू नका

पावसाळा आला की बडोद्यातल्या आपल्या मंडळींच्या ग्रुपवर चांदीपुराचे मेसेज फिरू लागतात. परवा भाचेसुनेने विचारलं, "आत्या, हा गुजरातचाच रोग ना?" नाही गं, नाव आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या गावाचं. १९६५ मध्ये तिथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या शास्त्रज्ञांना हा विषाणू सापडला. त्याचं खरं रूप दिसलं ते २००३ मध्ये आंध्रात. ३२९ मुलं आजारी पडली, त्यातली १८३ गेली. पुढच्याच वर्षी तो आपल्या बडोदा जिल्ह्यातल्या खेड्यांतही आला होता. २०२४ ची गुजरातमधली साथ तर तुम्हाला आठवतच असेल.

मुलांची डॉक्टर म्हणून इतकी वर्षं काम केल्यावर मला या आजाराची धास्ती वाटते ती त्याच्या वेगाची. सकाळी खेळणारं मूल दुपारी तापाने फणफणतं, ओकाऱ्या होतात, मग झटके येतात आणि शुद्ध हरपते. आंध्रातली बरीच मुलं दवाखान्यात पोचल्यावर चोवीस तासही टिकली नाहीत. यावर ना औषध, ना लस. झटके थांबवणं, मेंदूची सूज उतरवणं, श्वास चालू ठेवणं, एवढंच डॉक्टरांच्या हातात असतं, आणि तेही मूल वेळेवर पोचलं तरच.

लहान मुलांना नुसत्या तापानेही झटका येतो, हे खरं. तो बहुधा काही मिनिटांत थांबतो आणि मूल लवकरच आईला ओळखू लागतं. पण झटक्यानंतरही मूल गुंगीतच राहिलं, असंबद्ध बोललं, पुन्हा झटका आला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. तोवर त्याला कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका. कांदा आणि चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका (अजूनही हुंगवतात, शिकलेल्या घरांतसुद्धा).

मेंदूज्वर मात्र एकच नसतो. हर्पिसच्या विषाणूने होणाऱ्या मेंदूज्वरावर असायक्लोव्हिर हे औषध आहे. उपचाराविना त्यात सुमारे सत्तर टक्के रुग्ण दगावतात. म्हणून नुसता संशय असला तरी डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता ते शिरेतून सुरू करतात. "रिपोर्ट नसताना इंजेक्शन कशाला?" असा वाद तिथे घालू नका.

चांदीपुरा पसरवते वाळूमाशी. ती डासापेक्षा बारीक, साध्या मच्छरदाणीच्या जाळीतूनही आत शिरते. मातीच्या भिंतींच्या फटींत, गोठ्याजवळ तिचा मुक्काम. सुट्टीत मुलांना गावी नेताना पूर्ण बाह्यांचे कपडे न्या, आणि गावच्या घराच्या फटी लिंपून घ्यायला सांगा.

आणखी एक, कुठल्याही मेंदूज्वरातून उठलेल्या मुलाबद्दल. घरी आल्यावर काही मुलं विसराळू होतात, चिडतात, पाढे चुकतात. त्यांना आळशी म्हणू नका. शाळेत बाईंना आधीच सांगून ठेवा, आणि तपासणीची तारीख चुकवू नका. काहींना महिनोन्‌महिने लागतात.