पै, पुस्तक आणि एक अनुस्वार

परवा अंकाची शेवटची प्रुफं काखोटीला मारून टिळक आळीतून जात होतो. लोकमान्यांच्या जन्मघरासमोर एक आजोबा नातवाला सांगत होते, "ते शेंगांचं इथंच झालं बरं का!" शेंगांची गोष्ट शाळेतली, पण मी गप्प राहिलो. आम्हा रत्नागिरीकरांचं तरी वेगळं काय? 23 जुलै 1856चा जन्म आमच्याकडचा, हे आम्ही छाती काढून सांगतो. 1866मध्ये वडिलांची बदली झाली आणि दहा वर्षांचा बाळ पुण्याला गेला, हे जरा हळू आवाजात.

मग आमच्याकडून त्याने नेलं काय? मास्तर बाप. गंगाधरपंत मूळचे दापोलीकडच्या चिखलगावचे, संस्कृत जाणणारे, त्रिकोणमितीवर मराठीत पुस्तक लिहिणारे. श्लोक पाठ झाला की मुलाला एक पै मिळे, असं सांगतात. बाणभट्टाची 'कादंबरी' हवी म्हणाला, तर आधी एक अवघड गणित घातलं. ते सुटलं तेव्हा पुस्तक हाती आलं. याला कुणी लाच म्हणेल. मला ती अस्सल कोकणी काटकसर वाटते.

वडील 1872मध्ये गेले, त्याच वर्षी मुलगा मॅट्रिक झाला. डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष त्याने तालमीत आणि पोहण्यात घालवलं आणि चक्क नापास झाला. चरित्रकार ही ओळ घाईने उरकतात. मला तीच सगळ्यात आवडते. पुढे 1877ला बी.ए., 1879ला एलएल.बी. त्याच 1879मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आमच्या रत्नागिरीतली सरकारी मास्तरकी सोडून पुण्याला गेले, आणि 2 जानेवारी 1880ला टिळकांसोबत न्यू इंग्लिश स्कूल उघडलं. टिळकांनी वकिली थाटली नाही. पण 1908च्या राजद्रोहाच्या खटल्यात ज्युरीपुढे एकवीस तास स्वतःच बोलले.

हटून बसायची सवय जुनीच. शाळेत त्यांनी एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिला होता: संत, सन्त, सन्‌त. मास्तरांनी एक बरोबर धरला, दोन चूक. पोराने ते मान्य केलं नाही. भांडण मुख्याध्यापकांपर्यंत नेलं.

यंदाच्या अंकात हा शब्द पुष्कळदा आला आहे. आमच्या मुद्रितशोधकबाईंनी तो सगळीकडे अनुस्वारानेच ठेवलाय, फक्त वरची एक ओळ सोडून. तिथेही त्यांनी समासात प्रश्नचिन्ह काढलं होतं.