सेव्हिलचा एप्रिल मेळा : मैदान सर्वांना खुलं, मग तंबूचं दार बंद का?

झालरींचे रंगीबेरंगी झगे, कागदी कंदील, सजवलेल्या घोडागाड्या. दक्षिण स्पेनमधल्या सेव्हिल शहराच्या ‘फेरिया दे अब्रिल’ म्हणजेच एप्रिल मेळ्याचे असे रील्स तुम्हीही पाहिले असतील. मैदानात शिरायला तिकीट लागत नाही. तरीही लांबून आलेले अनेक पर्यटक रस्त्यावरूनच मेळा पाहून परततात. कारण खरी मजा तंबूंच्या आत असते आणि बहुतेक तंबू खासगी आहेत.

तंबू कोणाचे?

१८४७ मध्ये गुरांचा बाजार म्हणून हा मेळा सुरू झाला. १९७३ पासून तो लोस रेमेदिओस भागात भरतो. इथे हजाराहून जास्त तंबू लागतात. त्यांना ‘कॅसेता’ म्हणतात. कुटुंबं, मित्रमंडळं, कंपन्या महापालिकेकडून परवाना घेतात आणि शुल्क भरतात. जुन्या परवानाधारकांचा हक्क सहसा कायम राहतो, त्यामुळे नव्या अर्जदारांना वर्षानुवर्षं ताटकळावं लागतं. आत जेवणावळी, गप्पा आणि ‘सेव्हियानास’ नाच रंगतो, पण प्रवेश फक्त सदस्यांना आणि त्यांच्या पाहुण्यांना.

म्हणजे परदेशी पर्यटकच नव्हे, ओळखपाळख नसलेला सेव्हिलकरही दाराबाहेरच राहतो.

मेळा किती दिवसांचा?

पूर्वी सोमवारी मध्यरात्री दिवे लागले की मेळा सुरू व्हायचा. २०१६ मध्ये नागरिकांचा कौल घेऊन तो लांबवला गेला आणि २०१७ पासून सुरुवात शनिवारी होऊ लागली. जादा दिवस म्हणजे हॉटेलांना जादा धंदा, पण तंबू चालवणाऱ्यांना जादा खर्च आणि दमणूक. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा कौल घेतला गेला. अगदी निसटत्या फरकाने छोटा मेळा जिंकला आणि २०२५ पासून जुनी पद्धत परतली.

२०२४ मध्ये स्पेनमध्ये सुमारे ९.४ कोटी परदेशी पर्यटक आले. त्याच वर्षी बार्सिलोना, मालागासारख्या शहरांत अतिपर्यटनाविरुद्ध मोर्चेही निघाले. त्यामुळे ‘सण कोणासाठी?’ हा प्रश्न आता एकट्या सेव्हिलचा राहिलेला नाही.

दुसरा मार्ग आहे का?

मालागाच्या ऑगस्टमधल्या मेळ्यात बहुतेक तंबू सर्वांना खुले असतात. सेव्हिलच्या बंद दारांमुळे मेळ्याचा घरगुतीपणा टिकला, हे खरं. पण मैदान सार्वजनिक आणि परवाना महापालिकेचा असताना तंबू ठरावीक लोकांकडेच का राहावेत, हा सवाल त्यामुळे मिटत नाही.

जायचं असेल तर?

मेळा ईस्टरनंतर साधारण दोन आठवड्यांनी भरतो. नावात एप्रिल असला तरी २०२५ मध्ये तो ६ ते ११ मे असा झाला. म्हणून आधी तारखा तपासा. ओळखीचं कोणी नसेल तर महापालिकेचे, राजकीय पक्षांचे आणि कामगार संघटनांचे तंबू शोधा. तिथे सहसा आमंत्रण लागत नाही.