बिस्किटाचा पुडा आणि शाळेतली पंगत

आरक्षण, शिष्यवृत्ती, अ‍ॅट्रॉसिटी यावर आपण तावातावाने बोलतो. आपल्या पोरांच्या ताटात काय पडावं हे कोण ठरवतं, हा विषय मात्र आपल्या बैठकांत क्वचितच निघतो. कंपन्यांच्या बैठकांत तो रोज असतो.

२००७-०८ ची गोष्ट. बिस्किट उत्पादकांच्या संघटनेने खासदारांना पत्रं लिहिली: शाळेत शिजवलेल्या जेवणाऐवजी बिस्किटं द्या. अनेक खासदारांनी ती मागणी मनुष्यबळ विकासमंत्री अर्जुन सिंह यांच्याकडे पुढे सरकवली. निवडून आपण दिलं, टपाल कुणाचं वाहिलं बघा! मंत्रालयाने राज्यांना विचारलं, राज्यांतून विरोध झाला आणि बेत बारगळला.

मैदा-साखर वरण-भाताची, अंड्याची जागा घेऊ शकत नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पण आपल्यासाठी प्रश्न तिथे संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये आदेश दिला होता की, स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित-आदिवासींना प्राधान्य द्यावं. म्हणजे ज्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्या हातचं जेवण सगळ्या जातींच्या पोरांनी एका पंगतीत जेवायचं. चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्यांना याचं मोल वेगळं समजावायला नको. कारखान्यातल्या पुड्याला ना स्वयंपाकीण लागते, ना पंगत. जातीला याहून सोयीचं जेवण कोणतं?

अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, बचत गट हवेत, हाही न्यायालयाचा २००४ चाच आदेश. तरी महाराष्ट्रात घरपोच आहाराच्या निविदांमध्ये अशा अटी घातल्या गेल्या की वस्तीतला बचत गट दारातच अडखळावा. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या निविदा रद्द कराव्या लागल्या.

पाकिटावरच्या इशाऱ्याचंही तेच. चिलीने २०१६ मध्ये जास्त साखर, मीठ, चरबीच्या पदार्थांवर काळे शिक्के सक्तीचे केले. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ च्या मसुद्यात चक्क तारे सुचवले. वेफर्सच्या पाकिटावर एक तारा दिसला, तर वस्तीतली आई त्याला धोका समजेल की बक्षीस?

आपल्यातले किती जण शाळा व्यवस्थापन समितीत आहेत? पुढच्या बैठकीत एवढं विचारा: जेवण कोण शिजवतं, ठेका कुणाकडे आहे, आणि अंडं बंद झालं असेल तर कुणाच्या सांगण्यावरून.