नोझल

परवा इंदापूरला काकांकडे गेलो होतो. डाळिंबावर बोर्डोची फवारणी नुकतीच संपली होती. काकूंनी चहासाठी दोनदा हाक मारली, पण काका आपले टाकीत स्वच्छ पाणी भरून पंप चालवतायत, नोझल खोलून धुतायत. मी म्हटलं, "काका, उद्या करा की."

"आरं, उद्या त्यात चुना बसल्यावर सुई घिऊन बसू का?"

बारामतीला घरी येईपर्यंत हे वाक्य डोक्यातून गेलं नाही. कारण माझी नोकरीही नोझलचीच आहे!

नातेवाईक मंडळींना अजून वाटतं की मी टीव्ही दुरुस्त करतो. तर एकदाच सांगून टाकतो. आमच्याकडे सर्किट बोर्ड वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून जातो. तिथे सोल्डरने तांब्याला नीट धरावं म्हणून आधी बोर्डाला खालून फ्लक्स फवारतात. फ्लक्स म्हणजे बहुतेक अल्कोहोल आणि त्यात थोडं राळ किंवा सौम्य आम्ल. पूर्वी फ्लक्सचा फेस करून बोर्ड त्यावरून नेत. टाकी उघडी, अल्कोहोल उडून जायचं, सारखी घनता मोजा. फवाऱ्यात फ्लक्स बंद डब्यातून, मोजून येतो. पण अल्कोहोल उडालं की मागे राहिलेला चिकटा नोझलच्या तोंडाशी बसतो आणि फवारा तिरका होतो. बोर्डोचा चुना तसाच हा!

तपासणी सोपी आहे. बोर्डाच्या जागी फॅक्सचा थर्मल कागद लावून फवारा मारायचा. अल्कोहोल लागेल तिथे कागद काळा पडतो, कोरा पट्टा राहिला तर नोझल चोंदलंय. बागेतही पिवळा कागद पानांत लावतात, थेंब पडेल तिथे तो निळा होतो. शिफ्ट संपताना आयपीएने नोझल धुवायचं, फिल्टर बघायचा. दहा मिनिटांचं काम.

ती दहा मिनिटं आम्ही एकदा वाचवली. अर्धवट चोंदलेल्या नोझलमधून फ्लक्स कमी येतोय म्हणून ऑपरेटरने प्रवाह वाढवला. जिथे फवारा पोचत होता तिथे फ्लक्स जास्त झाला आणि भोकांतून बोर्डाच्या वरच्या बाजूला चढला. लाटेची धग तिथे पुरेशी पोचत नाही, त्यामुळे त्यातलं आम्ल जिवंत राहिलं. कारखान्यात सगळे बोर्ड पास! ते शेतीपंपाच्या ऑटो स्टार्टरचे होते. पावसाळ्यात त्या थराने दमट हवा ओढून घेतली, ट्रॅकमधून करंट गळू लागला आणि बोर्ड परत येऊ लागले. एका शेतकऱ्याची मोटारच जळली होती. भर हंगामात.

मेमो ऑपरेटरला मिळाला. पण 'नोझल साफ केले' या रकान्यापुढे त्या आठवड्यात रोज माझी सही होती, मशीनचं झाकणही न उघडता केलेली. मी तेव्हा गप्प बसलो. आज लिहितोय, तेही अर्थात उशिराच.

खंडेनवमीला आम्ही याच मशीनला झेंडूचा हार घालतो, नारळ फोडतो. नवं मशीन आलं की साहेब लोक फोटो काढतात. पण रोज नोझल धुणाऱ्याचा फोटो कुणी काढत नाही. उलट 'प्रॉडक्शन थांबवलंस' म्हणून त्यालाच बोलणी! माझं स्पष्ट मत आहे की ही दहा मिनिटं उत्पादनातच धरायला हवीत, आणि सही त्याचीच हवी ज्याचे हात ओले झालेत. चेकलिस्ट वाढवून काही होत नाही. खोट्या सह्या तेवढ्या वाढतात.

काकांकडे चेकलिस्ट नाही. पण बाग त्यांची आहे, तेल्या पडला तर नुकसानही त्यांचंच. आमचं नुकसान मात्र कुणा अनोळखी माणसाच्या विहिरीवर होतं, म्हणून आम्हाला ते दिसत नाही.

असो. काकूंचा चहा शेवटी थंडच प्यायलो. पण सोमवारपासून शिफ्टच्या शेवटी मशीनपाशी मी स्वतः उभा राहतोय.