एका गुणाच्या उत्तराच्या पुढे

'पेशीचे ऊर्जाकेंद्र कोणते?' या प्रश्नाला 'तंतुकणिका' असे लिहिले की एक गुण मिळतो. तंतुकणिका म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया. आपल्या नववी-दहावीच्या मुलांना हे उत्तर पाठ असते. पण हे केंद्र बिघडले तर काय होते, हा पुढचा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो. डग्लस वॉलेस या अमेरिकन शास्त्रज्ञाने उभी कारकीर्द याच प्रश्नाला वाहिली.

आपली बहुतेक जनुके पेशीच्या केंद्रकात असतात. तंतुकणिकांजवळ मात्र स्वतःचा छोटासा डीएनए असतो, त्यात अवघी ३७ जनुके. एवढ्याशा डीएनएमुळे माणूस आजारी पडत असेल, असे १९७० च्या दशकात फार थोड्यांना वाटत होते. वॉलेस मात्र त्याच्याच मागे लागले. १९८० साली त्यांनी व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की माणसात हा डीएनए आईकडून मुलांकडे येतो. ऐन तारुण्यात दृष्टी हिरावून नेणारा एक आनुवंशिक आजार जर्मन नेत्रतज्ज्ञ लेबर यांनी १८७१ मध्ये नोंदवला होता. त्याचे मूळ वॉलेस यांच्या गटाला १९८८ मध्ये सापडले. या डीएनएच्या १६,५६९ अक्षरांपैकी एकच अक्षर बदललेले होते! डोळ्याची मज्जा, मेंदू, हृदय व स्नायू यांना ऊर्जा फार लागते, म्हणून असा फटका त्यांनाच आधी बसतो.

अशा बहुतेक आजारांवर आजही खात्रीचा इलाज नाही. तरी कारण कळले म्हणून वाट सापडली. ब्रिटनमध्ये दुसऱ्या स्त्रीच्या निरोगी तंतुकणिकांच्या मदतीने आठ बाळे जन्मल्याचे जुलै २०२५ मध्ये जाहीर झाले.

आता आपल्या शाळेविषयी. परीक्षा जवळ आली की प्रयोगाचे तास सरावपरीक्षांकडे वळतात. दहावीच्या निकालावर शाळेचा पट अवलंबून असतो, ही विश्वस्तांची अडचण खरी आहे. महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालवणे सोपे नाही. पण मनातला प्रश्न मनातल्या भाषेत विचारता येणे हेच तर या शाळेचे बळ आहे. प्रश्नच थांबले, तर ते बळ काय कामाचे?

म्हणून एक सुचवावेसे वाटते. आठवड्याचा एक प्रयोगतास वर्षभर कोणीही हलवू नये. गालाच्या आतील पेशी जानस ग्रीन रंगाने रंगवल्या, तर चांगल्या सूक्ष्मदर्शकातून तंतुकणिकांचे निळसर-हिरवे ठिपके दिसू शकतात. खर्च फार नाही. पालकांनीही 'हे परीक्षेला आहे का?' असे विचारण्याआधी मुलाचा प्रश्न पुरता ऐकून घ्यावा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, एक गुण जरूर मिळवा. पण तेथेच थांबू नका. उत्तर लिहून झाले की 'मग पुढे काय?' एवढे बाईंना विचाराच.